मायक्रोस्पाइक म्हणजे क्रॅम्पॉन नव्हे

जानेवारी सरत आला की साताऱ्यातल्या ट्रेकच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरू लागतो. "केदारकंठाला चाललोय, कुणाकडे क्रॅम्पॉन आहेत का?" केदारकंठा हा उत्तराखंडातला बर्फातला ट्रेक, आणि क्रॅम्पॉन म्हणजे कडक बर्फासाठी बुटाखाली आवळायची दातेरी धातूची चौकट. कुणीतरी "आहेत, घेऊन जा" म्हणतो आणि पिशवीतून काढून देतो ते मायक्रोस्पाइक. केदारकंठाच्या मळलेल्या वाटेवर त्यावर निभावतं, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पुढच्या वर्षी हाच माणूस एखाद्या उंच खिंडीच्या सामानाची यादी वाचतो, तिथे क्रॅम्पॉन लिहिलेलं दिसतं आणि तो सांगून मोकळा होतो, "आहेत की माझ्याकडे." मला भीती वाटते ती याची.

मायक्रोस्पाइक बहुतेकांना माहीत आहे. बुटावर ताणून चढवायचं रबर, खाली साखळ्या, साखळ्यांना साधारण सेंटिमीटरभराचे दात. मिनिटभरात घालून होतं, कुठल्याही ट्रेकिंग शूजवर बसतं.

याची गरज डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त पडते, हे मात्र आपल्याकडे पटकन पटत नाही. आपला बर्फ म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी गाडीच्या टपावर गोठलेलं दव. तिकडे हिमालयात ताजा बर्फ भुसभुशीत असतो, त्यात पाय रुततो आणि म्हणून टिकतो. हिवाळा उतरणीला लागला की दुपारच्या उन्हात वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. त्यात शेकडो बुटांनी वाट आधीच दाबलेली असते. मग पहाटे तीच वाट टणक, गुळगुळीत होऊन बसते. चढताना जाणवत नाही, उतरताना जाणवतं.

आता क्रॅम्पॉन. दुकानदार दात मोजून दाखवतो: यात दहा, त्यात बारा. स्टील की अॅल्युमिनियम यावरही लोक तासभर बोलतात. ते सगळं नंतर बघता येतं. खरा फरक आहे तो दात बुटाला कशाने धरलेत याचा.

वाट सपाट किंवा बेताच्या चढाची असते तेव्हा तुमचं वजन सरळ खाली, दातांवर येतं आणि मायक्रोस्पाइक उत्तम धरतात. पण उतार आडवा कापायची वेळ आली, म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि पायाखाली कडक बर्फ, की वजन बाजूला जातं. रबर ताणतं. बूट रबराच्या आतल्या आत दरीकडे सरकतो आणि दात तळव्याखालून निसटून बुटाच्या कडेला येतात. दात बर्फात घट्ट असतात, पण तुम्ही त्यांच्यावर उभे नसता. हे घालून क्रॅम्पॉनच्या उतारावर जाणारा माणूस नेमका इथे फसतो, कारण तोवर सगळं छान चाललेलं असतं.

क्रॅम्पॉनमध्ये रबराचा खेळ नाही. धातूची चौकट बुटाच्या तळाशी आवळून बसवलेली असते आणि मायक्रोस्पाइकच्या दुप्पट-तिप्पट लांबीचे दात बर्फात उतरतात. बूट आणि दात एकच होतात. इंग्रज गिर्यारोहक ऑस्कर एकेन्स्टाइन यांनी 1908 मध्ये दहा दातांची रचना केली, ती इटलीतल्या कुर्मायोरच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने घडवली. 1929 मध्ये त्याच्या मुलाने, लॉरेंटने, पुढे डोकावणारे दोन दात जोडले. त्या दोन दातांमुळे चवडा ठोकून उभ्या बर्फावर चढता येऊ लागलं.

पण ही चौकट ताठ तळव्याचा बूट मागते. सह्याद्रीत आपण वापरतो ते शूज दगडावर पकड मिळावी म्हणून मऊ तळव्याचे असतात, प्रत्येक पावलाला वाकतात. त्यांवर क्रॅम्पॉन बांधले तर टाच सैल होते, कधी क्रॅम्पॉनच निघून येतं. शिवाय पाय फाकवून चालायची सवय नसेल तर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून "जास्त दात, जास्त सेफ" हे ऐकलं की मला राग येतो. केदारकंठाच्या वाटेवर पूर्ण क्रॅम्पॉन घालणं हीसुद्धा चूकच.

आपली एक सवय तर दोन्हींच्या बाबतीत घातक आहे. घसाऱ्यावर आपण बिनदिक्कत बूड टेकवून उतरतो आणि मुरमावर ते चालतंही. बर्फावर बसलात तर वेग वाढतो. मग घाबरून टाच मारली की दात रुततात, पाय जागीच थांबतो आणि अंग पुढे जातं. घोटा किंवा गुडघा तिथेच जातो. क्रॅम्पॉन घालून घसरलात तर पाय वर उचलून आइस अॅक्सने, म्हणजे बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने, थांबायचं असतं. ते वाचून जमत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगच्या 28 दिवसांच्या बेसिक कोर्समध्ये ते घासून शिकवतात, आणि क्रॅम्पॉन तिथेच पहिल्यांदा पायात चढवावेत असं माझं ठाम मत आहे.

वाटेवर निवड कशी करायची? खाली बघा. इथे घसरलो तर कुठे थांबेन? दोन हातांच्या अंतरावर, मऊ बर्फात किंवा वाटेवरच थांबणार असाल तर मायक्रोस्पाइक पुरे. थांबण्यासारखं काही दिसत नसेल तर ती जागा क्रॅम्पॉन, आइस अॅक्स आणि शिकलेल्या माणसाची आहे. यातलं एक जरी कमी असेल तर मागे फिरा. दृष्टीभय, म्हणजे खालची खोली बघून वाटणारी भीती, असो वा नसो, हा प्रश्न विचाराच.

मायक्रोस्पाइक स्वतःचे घ्या. केदारकंठाच्या पायथ्याच्या सांक्री गावात भाड्याने मिळतात, पण अनेक पायांवर ताणून रबर सैल झालेलं असू शकतं. घ्यावेच लागले तर खोलीवरच बुटावर चढवून दोन्ही हातांनी पिळून बघा. हाताने फिरले तर उतारावर फिरणारच, ते परत करा. साखळी जिथे रबरात ओवलेली असते ती भोकं फाटली आहेत का तेही बघा, रबर बहुतेक तिथूनच तुटतं. दुपारी ओला बर्फ साखळ्यांत गोळा होऊन दात झाकतो, तेव्हा काठीने ठोकून तो पाडत राहायचं. आणि दुकानात क्रॅम्पॉनच शिल्लक असतील, पायात मऊ शूज असतील, तर ते घेऊ नका. दुसऱ्या दुकानात विचारा.