चॅनेलला व्होल्टेज कळतं कसं?
शरीरात वीज असते हे खरं, पण मज्जातंतू म्हणजे विजेची तार नव्हे. आपल्या सर्वांत वेगवान तंतूतूनही संदेश सेकंदाला जेमतेम १२० मीटर जातो, कारण इथे तंतूच्या लांबीनं इलेक्ट्रॉन धावत नाहीत. पेशीपटलातल्या प्रथिनांची छिद्रं, म्हणजे आयन चॅनेल, उघडतात. सोडियमचे आयन आत घुसतात, त्यामुळे व्होल्टेज बदलतं आणि शेजारचे चॅनेल उघडतात. पण व्होल्टेज बदललं हे प्रथिनाला कळतं कसं?

पेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पटलाची जाडी आहे ५ नॅनोमीटरच्या आसपास. भागाकार करून पाहा: मीटरमागे १ कोटी ४० लाख व्होल्ट! हवेत ३० लाखांनाच ठिणगी पडते. अशा प्रखर विद्युतक्षेत्रात चॅनेलचे एस-४ नावाचे चार सर्पिल तुकडे असतात. त्यांच्यावर दर तिसरं अमिनो आम्ल धनप्रभारित, बहुधा आर्जिनिन. एरवी ते आत खेचलेले राहतात. आतली ऋणता घटली की बाहेरच्या दिशेनं सरकतात आणि गेट, म्हणजे छिद्राचं दार, उघडतं.

(‘शरीरातली वीज संतुलित करणारं’ चुंबकी कडं ही निव्वळ फसवणूक आहे. हे क्षेत्र पटलाच्या दोन बाजूंच्या आयनांमुळे टिकतं. मनगटावरच्या चुंबकाचा त्यात काही संबंध नाही.)

आता प्रभार सरकला म्हणजे विद्युतप्रवाह आलाच. असा प्रवाह असला पाहिजे, हे हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच मांडलं होतं. तो मोजला १९७३ मध्ये, क्ले आर्मस्ट्राँग आणि फ्रान्सिस्को बेझानिला यांनी. आर्मस्ट्राँग पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रयोग होता स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकुलाच्या कुळातल्या प्राण्याच्या, जाडजूड अक्षतंतूवर, म्हणजे मज्जापेशीच्या लांब धाग्यावर. आयनांचे नेहमीचे प्रवाह त्यांनी आधी बंद पाडले. मग व्होल्टेजचा सारख्याच मापाचा धक्का एकदा धन, एकदा ऋण असा देऊन दोन्ही नोंदींची बेरीज केली. पटल भारित होतानाचा प्रवाह त्यात कटून गेला. पण ऋण धक्क्यानं आधीच आत खेचलेले तुकडे हलत नाहीत, म्हणून उरला तो इवलासा प्रवाह गेटच्या हालचालीचा! इतक्या साध्या बेरजेनं रेणूची हालचाल पकडली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दातांचे डॉक्टर टोचतात ते बधिर करणारं औषध, लिडोकेन, याच सोडियम चॅनेलमध्ये अडकतं, तेही आतल्या बाजूनं. त्यासाठी त्याला आधी पटल ओलांडावं लागतं. दाताशी पू झाला असेल तर तिथली आम्लता वाढते, लिडोकेनचे बरेच रेणू प्रभारित होतात आणि बाहेरच राहतात. अशा वेळी इंजेक्शन देऊनही दात नीट बधिर होत नाही, त्याचं हे एक कारण.