इंटरव्ह्यू ‘पुढे’ गेला म्हणजे नेमका कुठे?

माझ्या भाचीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू बुधवारी होता. रविवारी रात्री कंपनीचा मेल आला की तो दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झालाय. पोरगी निर्धास्त झोपली. सोमवारी सकाळी आमच्याकडे नागपूरला, धरमपेठेत तर्री-पोह्यांची प्लेट हातात घेऊन बसली होती, तेवढ्यात फोन वाजला : तुम्ही जॉइन का झाला नाहीत?

“मामा, त्यांनी तर पुढं ढकलला होता नं! पुढं म्हणजे शुक्रवारच नं?”

मराठीतून पाहिलं तर तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे लग्न, परीक्षा, कोर्टाची तारीख, काहीही ‘पुढे ढकललं’ की ते उशिराच होणार. लवकर घ्यायचं असेल तर आपण ते ‘अलीकडे’ आणतो, नदीच्या या तीरावर आणावं तसं. ‘पोस्टपोन’च्या उलट ‘प्रीपोन’ हा भारतीय इंग्रजीत रुळलेला शब्द ऐकून काही लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे. असा शब्द त्या मेलमध्ये असता तर भाचीचे पोहे सुखानं संपले असते.

गंमत म्हणजे इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, तेही इथे गडबडतात. मानसशास्त्राच्या प्रयोगांत हेच वाक्य वापरतात : बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड सरकवली, तर आता ती कोणत्या वारी? साधारण निम्मे लोक सोमवार म्हणतात, निम्मे शुक्रवार. कारण काळाची दोन चित्रं डोक्यात एकाच वेळी नांदत असतात. एका चित्रात काळ म्हणजे रस्ता आणि चालणारे आपण. मग ‘फॉरवर्ड’ म्हणजे आपल्या चालण्याच्या दिशेनं, म्हणून शुक्रवार. दुसऱ्या चित्रात आपण फलाटावर उभे आणि दिवस गाडीसारखे आपल्याकडे येतायत. गाडी पुढे आली म्हणजे आपल्या जवळ आली, म्हणून सोमवार.

कोणतं चित्र जिंकेल हे त्या क्षणी शरीर काय करतंय यावरही ठरतं. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कर यांनी २००२ साली हे दाखवलं. जेवणाच्या रांगेत बरंच पुढे सरकलेले आणि नुकतेच विमानातून उतरलेले लोक ‘शुक्रवार’ जास्त म्हणत होते. तेव्हापासून बर्डीला मेट्रो बदलताना मला सोबतच्या माणसाला हा प्रश्न विचारावासा वाटतो. अजून धीर झालेला नाही.

पण मराठी याबाबतीत अगदी सरळ आहे असंही समजू नका. घरातून निघताना आपण म्हणतो, “तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो.” इथे ‘पुढे’ असलेला आधी पोचतो आणि ‘मागून’ येणारा नंतर! म्हणजे तारखेचं ‘पुढे’ एका दिशेला आणि रांगेतलं ‘पुढे’ दुसऱ्या दिशेला. लहानपणापासून वापरतोय म्हणून आपल्याला ते खटकत नाही, एवढंच. ‘परवा’चंही तसंच. तो गेला की यायचाय हे क्रियापदच सांगतं.

काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा चक्क हातात हात घालून चालतात. गाडी ‘ऑन टाइम’ आली म्हणजे वेळे-वर आली. आपण ‘इन टाइम’ पोचलो म्हणजे वेळे-त पोचलो, गाडी चुकली नाही. प्रत्ययसुद्धा जुळतात. व्याकरणाच्या पुस्तकात या दोन शब्दप्रयोगांवर अर्धं पान खर्ची पडतं. मराठी पोराला हे एक उदाहरण पुरावं. याउलट ‘किल टाइम’ला ‘वेळ मारून नेणे’ समजलात की फसलात. पहिल्यात माणूस फलाटावर मोबाईल चाळत रिकामा वेळ घालवतो. दुसऱ्यात उधारी मागायला आलेल्याला काहीतरी थाप मारून वाटेला लावतो.

आता ‘लाँग टाइम’. इंग्रजीत वेळ लांब असतो, मराठीत तो खूप किंवा थोडा असतो, डब्यातल्या साखरेसारखा. (कार्यक्रम मात्र लांबतो, हे खरं.) या फरकाचा मनावर परिणाम होतो का? बिलुंड आणि अथॅनासोपुलोस या संशोधकांनी २०१७ साली स्वीडिश आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांवर तो तपासला. स्वीडिशमध्ये वेळ लांब, स्पॅनिशमध्ये पुष्कळ. पडद्यावर कधी एक रेघ वाढत जाई, कधी एक भांडं भरत जाई, आणि किती वेळ गेला ते अंदाजानं सांगायचं. रेघेची लांबी स्वीडिश लोकांना चकवत होती, भांड्याचं भरणं स्पॅनिश लोकांना. दोन्ही भाषा येणाऱ्यांना ज्या भाषेतला शब्द दाखवून प्रश्न विचारला, त्या भाषेसारखे ते चुकत होते. माणसं तीच, फक्त शब्द बदलला. हाच प्रयोग मराठी माणसांवर केला तर ती भांड्याला फसतील, अशी माझी पैज.

भांड्यावरून आठवलं. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार खऱ्याखुऱ्या भांड्यातून आलाय. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. अशा ६० घटकांचा एक दिवस.

आणि ‘वन्स इन अ ब्लू मून’? क्वचित घडणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत असं म्हणतात, आपण कपिलाषष्ठीचा योग म्हणतो. पण ब्लू मूनचं खरं नातं कपिलाषष्ठीपेक्षा धोंड्याच्या महिन्याशी जवळचं आहे. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, सौर वर्षाहून सुमारे ११ कमी. ही तूट साठत साठत साधारण पावणेतीन वर्षांत महिनाभराची होते. मग आपण अधिक मास घालतो आणि जावई अनारसे खातो. तिकडे त्याच तुटीमुळे एखाद्या इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा येतात, त्यातली दुसरी म्हणजे ब्लू मून. (ही व्याख्या १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकानं जुन्या पंचांगाचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे रूढ झाली, पण आता ती पक्की बसलीय.) २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा पडल्या.

परवा भाचीला दुसऱ्या कंपनीचा मेल आला. इंटरव्ह्यू दोन दिवस ‘पुश्ड बॅक’.

“मागं ढकलला, म्हणजे आता आधी होणार नं, मामा?”

“नाही गं, हा मात्र उशिरा.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू इंग्रजी मीच बनवलीय. मग फोन उचलला आणि ‘प्लीज कन्फर्म द डेट’ असं टाइप करून राहिली.