पाकिस्तानची संविधाननिर्मिती (१९४७–५६)

पाकिस्तानच्या संविधानसभेची पहिली बैठक १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत भरली. संविधान अमलात आले २३ मार्च १९५६ रोजी. मधल्या काळात १९३५ चा भारत सरकार कायदा आवश्यक फेरफारांसह हंगामी संविधान म्हणून चालला.

विलंबाचे खापर पुष्कळदा इस्लामी राज्याच्या वादावर फोडले जाते. संविधानाची पायाभूत दिशा सांगणारा उद्दिष्टांचा ठराव मात्र १२ मार्च १९४९ लाच संमत झाला. सार्वभौमत्व अल्लाचे, ही त्यातली भूमिका श्रीशचंद्र चट्टोपाध्याय प्रभृती काँग्रेस सदस्यांना मान्य नव्हती. त्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. खरे घोडे अडले ते प्रतिनिधित्वाच्या हिशेबावर, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लोकसंख्येने मोठा पूर्व बंगाल आणि लष्कर व नोकरशाहीत वरचढ असलेला पंजाब यांचा मेळ बसेना. संविधानाची तत्त्वे ठरवण्यासाठी सभेने नेमलेल्या मूलतत्त्व समितीचा १९५० चा अंतरिम अहवाल पूर्व बंगालने झिडकारला, पूर्व व पश्चिम भागांना समसमान जागांचा १९५२ चा तोडगा पंजाबला रुचला नाही. पंतप्रधान महंमद अली बोगरा यांच्या १९५३ च्या जागावाटपाच्या सूत्राने कोंडी फुटू लागली. बंगालीला राज्यभाषेचा दर्जा देण्याचे संविधानसभेने मे १९५४ मध्ये मान्य केले.

मसुदा जवळजवळ तयार असताना गव्हर्नर जनरल गुलाम मुहंमद यांनी २४ ऑक्टोबर १९५४ रोजी सभाच बरखास्त केली. त्यांचे अधिकार छाटणारी दुरुस्ती सभेने महिनाभरापूर्वीच घाईने केली होती. सभेचे अध्यक्ष तमिझुद्दीन खान यांनी सिंध चीफ कोर्टात दाद मागितली व जिंकली. मार्च १९५५ मध्ये फेडरल कोर्टाने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला, तोही बरखास्तीच्या वैधतेला हात न लावता. न्यायालयांना रिट (सरकारला बंधनकारक आदेश) काढण्याचा अधिकार देणारे कलम २२३-अ सभेने १९३५ च्या कायद्यात घातले होते; त्याला गव्हर्नर जनरलची संमती नव्हती, म्हणून ते कायदाच नव्हे, असा सरन्यायाधीश मुनीर यांचा युक्तिवाद. सभेच्या रूढ कार्यपद्धतीत संविधानविषयक कायद्यांना अशी संमती घेतलीच जात नसे, न्या. कॉर्नेलियस यांचे भिन्नमत याच अंगाने जाते आणि ते अधिक सयुक्तिक आहे. या निकालाने संमतीविना झालेले इतर अनेक कायदेही एका फटक्यात अधांतरी लटकले. ते वटहुकुमाने सावरण्याचा प्रयत्न युसुफ पटेल खटल्यात फसला. अखेर कोर्टाने राज्याच्या निकडीचे तत्त्व (एरवी बेकायदा कृतीही राज्य टिकवण्यासाठी ग्राह्य) पुढे करून त्यांना तात्पुरता आधार दिला, बरखास्ती वैध ठरवली आणि नवी संविधानसभा मात्र बोलवायला लावली. पुढील लष्करी राजवटींना हेच तत्त्व उपयोगी पडले.

८० सदस्यांची दुसरी सभा जुलै १९५५ मध्ये मरी येथे भरली. ऑक्टोबरमध्ये पश्चिमेकडील प्रांत एकत्र करून ‘वन युनिट’ झाले. त्यामुळे दोन्ही भागांना समान जागा देणे सोपे गेले. सिंध व सरहद्द प्रांतातील नाराजी त्यासाठी दुर्लक्षिली गेली. संविधानाने देशाला ‘इस्लामी प्रजासत्ताक’ म्हटले, राष्ट्राध्यक्ष मुस्लिम असण्याची अट घातली व एकगृही संसद ठेवली. मतदारसंघ सर्वधर्मीयांचे संयुक्त की धर्मानुसार विभक्त, हा प्रश्न पुढे ढकलला. या संविधानाखाली सार्वत्रिक निवडणूक एकदाही झाली नाही; ७ ऑक्टोबर १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी ते रद्द केले.