एक्स्ट्रीम इव्हेंट ॲट्रिब्यूशन

उष्णतेची लाट, अतिवृष्टी किंवा दुष्काळ आला की त्यात माणसाने केलेल्या हवामान बदलाचा वाटा किती, हे स्टॅटिस्टिक्सने काढायची पद्धत. "हे हवामान बदलामुळेच झालं का?" असा हो-नाही प्रश्न इथे नसतोच, कारण लाटा आणि पूर आधीही यायचे. आजच्या हवेत अशी घटना घडायची शक्यता किती, आणि कोळसा-तेल जाळून आपण पृथ्वी तापवलीच नसती तर किती असती, हे दोन आकडे जुन्या नोंदी आणि क्लायमेट मॉडेल (कॉम्प्युटरवर चालवलेली हवामानाची नक्कल) वापरून काढायचे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, म्हणजे शक्यता किती पट झाली ते कळतं.

ऑक्सफर्डच्या माइल्स ॲलन यांनी 2003 मध्ये कल्पना मांडली, लगेच 2004 मध्ये पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की 2003 सारखा युरोपातला भीषण उन्हाळा येण्याची रिस्क माणसामुळे बहुतेक दुपटीच्या वरच गेलीय. आता वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन हा शास्त्रज्ञांचा गट काही दिवसांत-आठवड्यांत उत्तर देतो. मार्च-एप्रिल 2022 ला भारत-पाकिस्तानात जी लाट आली, गहू करपला, तिची शक्यता साधारण 30 पट वाढली होती असं त्यांनी काढलं.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर फिरतं, आणि लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. रशियात 2010 ला लाट आली तेव्हा एका अभ्यासाने ती मुख्यतः नैसर्गिक म्हटली, दुसऱ्याने म्हटलं तापमानवाढ नसती तर मॉस्कोचा जुलैचा रेकॉर्ड 80 टक्के शक्यतेने झालाच नसता. मग 2012 मध्ये हवामान शास्त्रज्ञ फ्रिडेरिके ओटो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन्ही बरोबर आहेत, पारा किती चढला हे बरंचसं नैसर्गिक, पण तशी लाट येण्याची शक्यता मात्र 1960 च्या दशकापेक्षा तिप्पट झालेली.

डिसेंबर 2015 च्या चेन्नईच्या पुरात हवामान बदलाचा ठसा सापडला नाही, तो प्रदूषणाच्या कणांनी झाकला गेला असू शकतो, पण सापडला नाही हेही अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सरळ छापलं आणि माझ्या मते या शास्त्रावर विश्वास ठेवायचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

उष्णतेबद्दल उत्तरं पक्की येतात, पावसाबद्दल कमी. गारपिटीचं तर अजून फार अवघड, 2014 ला मराठवाडा-विदर्भात शेतं झोडपणारी गारपीट झाली तसे ढग इतक्या छोट्या जागेत तयार होतात की बहुतेक क्लायमेट मॉडेल पृथ्वी ज्या मोठ्या चौकोनांच्या जाळीत वाटतात त्यात ते पकडताच येत नाहीत आणि गारांच्या जुन्या नोंदीही तुटक असतात.