आक्रमकाला खुर्ची नाकारणारा कायदा : जिनिव्हापासून तैवानपर्यंत

ओक्लाहोमाचे खासदार फ्रँक लुकास यांनी अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडलेलं ‘प्रोटेक्ट तैवान’ विधेयक प्रतिनिधिगृहाने जानेवारी 2024 मध्ये मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकलं, म्हणून 2025 मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं. चीनच्या कृतीमुळे तैवानची सुरक्षा किंवा तिथली समाज-अर्थव्यवस्था धोक्यात आली आणि त्यातून अमेरिकेच्या हितालाही बाधा पोचते, असं राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसला कळवलं, की हा कायदा लागू व्हायचा. मग जी-20, मध्यवर्ती बँकांची बँक असलेली बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स म्हणजे बीआयएस, जागतिक वित्तव्यवस्थेवर लक्ष ठेवणारं फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्ड, बँकांचे जागतिक नियम ठरवणारी बासेल समिती आणि विमा व रोखे बाजारांच्या नियामकांच्या दोन जागतिक संघटना, अशा सहा ठिकाणांहून चिनी प्रतिनिधींना बाहेर ठेवण्यासाठी अमेरिकेने प्रयत्न करायचे.

या विधेयकाचं वेगळेपण वेळेत आहे. आजवर जे झालं ते हल्ल्यानंतर, बैल गेला नि झोपा केला अशा थाटात.

ऑक्टोबर 1935 मध्ये मुसोलिनीच्या फौजा अ‍ॅबिसिनियात म्हणजे आजच्या इथिओपियात घुसल्या. जिनिव्हातल्या राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने, इटलीला आक्रमक ठरवून आपल्या करारनाम्याच्या कलम 16 खाली आर्थिक निर्बंध लावले, पण त्यातून तेल वगळलं. जुलै 1936 मध्ये ते निर्बंधही उठले. फिनलंडवर चाल करून जाणाऱ्या सोव्हिएत संघाची डिसेंबर 1939 मध्ये राष्ट्रसंघातून हकालपट्टी झाली, तोवर राष्ट्रसंघाचा धाक उरला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिलेल्या संस्थांमध्येही आक्रमणासाठी थेट दरवाजा दाखवणारी तरतूद नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत सदस्याला बाहेर काढायला 85 टक्के मतं लागतात, आणि तेही निधीचीच बंधनं मोडल्याच्या कारणावरून. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत हकालपट्टीची तरतूदच नाही.

मार्च 2014 मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळल्यावर जी-8 मधल्या बाकी सात देशांच्या नेत्यांनी हेग इथे जमून रशियातल्या सोचीची नियोजित शिखर परिषद रद्द केली आणि जी-8 पुन्हा जी-7 झाला. हे सोपं होतं, कारण तिथे रशियाच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. जी-20 ची गोष्ट निराळी. त्या वर्षीच्या ब्रिस्बेन परिषदेला पुतिन यांना येऊ द्यावं का, अशी चर्चा ऑस्ट्रेलियात सुरू होताच ब्रिक्सच्या (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) परराष्ट्रमंत्र्यांनी हेगमधूनच बजावलं, की जी-20 ची मालकी सर्व सदस्यांची सारखीच आहे. या निवेदनात भारतही होता. पुतिन ब्रिस्बेनला गेले.

रशियाने फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर केलेल्या हल्ल्यानंतर तोच पेच पुन्हा उभा राहिला. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला जी-20 च्या अर्थमंत्र्यांची बैठक होती. रशियाचे अर्थमंत्री सिलुआनोव्ह दूरदृश्य प्रणालीवरून बोलू लागताच अमेरिकेच्या जॅनेट येलेन आणि कॅनडाच्या क्रिस्टिया फ्रीलंड उठून बाहेर पडल्या. निमंत्रित म्हणून आलेले युक्रेनचे अर्थमंत्रीही त्यांच्यासोबत होते. ज्याच्या देशावर बॉम्ब पडताहेत त्याला खोली सोडावी लागते आणि हल्लेखोराचं भाषण चालू राहतं, हे मला आजही खुपतं. पण जी-20 ला ना सनद, ना कायम सचिवालय. सगळं एकमतावर चालतं. रशियाला काढायचं तर काढणार कोण? त्याच वर्षी रशियन अधिकाऱ्यांना अशा मंचांपासून दूर ठेवण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं. लुकास यांच्या विधेयकाचा सांगाडा त्याच्याशी बराच जुळतो.

जिथे निर्णय मोजक्या हातांत होता, तिथे मात्र कारवाई झाली. मार्च 2022 मध्ये बीआयएसने रशियाच्या मध्यवर्ती बँकेला आपल्या सेवा आणि बैठका बंद केल्या. श्रीमंत देशांचा गट असलेल्या ओईसीडीने 2014 पासून थांबवलेली रशियाची सदस्यत्वप्रक्रिया कायमची संपवली. काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफने 24 फेब्रुवारी 2023 रोजी, हल्ल्याला वर्ष पूर्ण होताना, रशियाचं सदस्यत्व निलंबित केलं. त्याच सुमारास बेंगळुरूमध्ये भारताच्या अध्यक्षतेखाली जी-20 चे अर्थमंत्री जमले होते. युद्धाबद्दलच्या परिच्छेदांवर रशिया आणि चीन अडून बसले, संयुक्त निवेदन निघालं नाही, आणि यजमानाला अध्यक्षांचा सारांश काढून वेळ निभवावी लागली.

माझ्या मते किंमत आधी जाहीर करणं योग्यच आहे. युद्धाचा हिशोब मांडणाऱ्याला बीआयएसचे व्यवहार आणि बासेलचे बँकिंग नियम ठरवण्यातला आवाज गमवावा लागेल, हे आधीच ठाऊक असायला हवं. पण विधेयकाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. अमेरिकेचा कायदा फक्त अमेरिकी प्रशासनाला बांधतो, राष्ट्राध्यक्षांना राष्ट्रहिताचं कारण देऊन सूट घेता येते, आणि चीनची खुर्ची काढायची तर इतर सदस्यांची मनं वळवावी लागतात. रिझर्व्ह बँक बीआयएसची सदस्य आहे आणि भारत जी-20 मध्ये आहे. त्यामुळे ही वेळ आलीच, तर वॉशिंग्टनच्या पहिल्या काही फोनांपैकी एक दिल्लीला येईल, आणि 2014 च्या हेगमधल्या निवेदनावर भारत अजून ठाम आहे का, हे तेव्हा सांगावंच लागेल.