दीडशे आणि अडीचशे: फोर्डच्या पिकअपची वाटणी कशी झाली

अमेरिकेत एखाद्या पार्किंगमध्ये दोन नव्या फोर्ड पिकअप शेजारी उभ्या दिसल्या, तर चाकाचे नट मोजावेत. सहा असतील तर ती एफ-१५०, आठ असतील तर एफ-२५० किंवा एफ-३५०. हलकी आणि जड गाडी ओळखायची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

सुरुवात १९१७ ची. मॉडेल टी ही फोर्डची प्रवासी मोटार. तिला जाड चासी आणि मजबूत मागचा एक्सल देऊन एक टनाची मॉडेल टीटी काढली. १९४८ मध्ये एफ मालिका आली तेव्हा एफ-१ अर्ध्या टनाची, एफ-२ पाऊण टनाची, असा चढता क्रम एफ-८ पर्यंत होता. अर्धा टन म्हणजे हौद्यात घ्यायचं वजन, हजार पौंड, आपल्या हिशेबात साधारण ४५० किलो. आजची एफ-१५० याच्या दीडपट माल सहज नेते, तरी तिथले लोक तिला ‘हाफ-टन’च म्हणतात. १९५३ मध्ये आकडे बदलून एफ-१००, एफ-२५०, एफ-३५० झाले. घराणं मात्र एकच: वर तीच कॅब, आणि खाली वजनाप्रमाणे पाटे, एक्सल, ब्रेक वाढत जायचे.

मग १५० हा आकडा कुठून आला? तो कायद्यातून आला, आणि या सगळ्या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. १९७५ च्या प्रदूषण नियमांनुसार मालासकट एकूण वजन ६,००० पौंडांच्या (सुमारे २,७२० किलो) आत असलेल्या पिकअपना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारं यंत्र) आणि शिसेविरहित पेट्रोल लागू झालं. फोर्डने एफ-१०० थोडी भक्कम करून त्या रेषेच्या जरा वर नेली आणि तिला एफ-१५० म्हटलं. १९७९ च्या मॉडेलांपासून सरकारने रेषाच ८,५०० पौंडांवर (सुमारे ३,८५५ किलो) सरकवली, तेव्हा ही पळवाट बंद झाली. पण हलकं कुठे संपतं आणि जड कुठे सुरू होतं, हे त्या ८,५०० ने कायमचं ठरवलं. त्याच्या वरच्या पिकअपच्या काचेवर आजही मायलेजचं सरकारी लेबल सक्तीचं नाही.

खरी वाटणी नव्वदच्या दशकात झाली. पिकअप घरगुती गाडी होत चालली होती. मुलांना शाळेत सोडणाऱ्या माणसाला मऊ गाडी हवी आणि घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्याला भक्कम. दोघांना एकाच चासीवर खूश ठेवणं अवघड होत गेलं. १९९७ च्या मॉडेलसाठी एफ-१५० नव्याने आखली गेली. त्या वर्षी एफ-२५० नावाच्या दोन गाड्या विक्रीला होत्या: नव्या अंगाची हलकी, आणि जुन्याच अंगाची ‘हेवी ड्यूटी’. हलकीच्या चाकाला चक्क सात नट! १९९९ च्या मॉडेलपासून ‘सुपर ड्यूटी’ आली आणि एफ-२५०, एफ-३५० ची चासी, कॅब सगळंच वेगळं झालं.

फरक चाकापाशी नीट समजतो. एफ-१५० चा मागचा शाफ्ट, म्हणजे एक्सलमधला दांडा, चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही झेलतो. सुपर ड्यूटीत वजन हाउसिंगवर (शाफ्टभोवतीच्या नळीवर) बसवलेल्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, येतं, शाफ्टने फक्त फिरवायचं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. फोर-बाय-फोरमध्ये, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं त्या गाडीत, पुढेही एफ-१५० ची दोन्ही चाकं स्वतंत्र हलतात, तर जड गाडीला अखंड एक्सल असतो. तिचे पाटे जड मालासाठी कडक केलेले असतात, म्हणूनच ती रिकामी चालवली तर खड्ड्यात उसळते आणि माल भरला की शांत बसते.

२०१७ मध्ये सुपर ड्यूटीने एफ-१५० चीच ॲल्युमिनियमची कॅब घेतली. कॅब पुन्हा एक झाली. चासी अजून वेगळ्याच आहेत.