सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरची गादी

जोडून सुट्ट्या आल्या की कोल्हापूरच्या गाड्या राधानगरीवरून फोंडा घाट उतरतात आणि मालवण गाठतात. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला धक्क्यावर होडीची रांग, बुरुजांच्या वळणात लपलेला दरवाजा, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा, शिवराजेश्वराचं दर्शन आणि दुपारी सुरमईचं ताट. गाईड १६६४ साली कुरटे बेटावर झालेल्या पायाभरणीपासून तोंडपाठ सांगतो. पुढं अठराव्या शतकात हा किल्ला आपल्याच कोल्हापूरच्या गादीकडं होता, हे मात्र बहुतेकांच्या गावीही नसतं.

१७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी पक्की झाली. वारणा नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरच्या संभाजीराजांकडं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नातवाकडं राहिला आणि मालवणही कोल्हापूरकडंच. १७५६ साली इंग्रज आणि पेशव्यांनी मिळून विजयदुर्गावर आंग्र्यांचा पाडाव केला. आपलंच आरमार जाळायला परक्याला हाताशी धरायचं, याला काय म्हणावं! त्यानंतर मालवणची गलबतं इंग्रजांच्या डोळ्यांवर आली. त्यांनी या लोकांना सरसकट चाचे ठरवलं. खरं तर परवाना नसलेलं जहाज धरायचा प्रघात या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीच पाडला होता.

तेव्हा कोल्हापूरच्या गादीची राजधानी पन्हाळ्यावर होती. संभाजीराजे १७६० साली वारले होते, १७६२ साली दत्तक घेतलेले शिवाजीराजे लहान होते आणि कारभार संभाजीराजांच्या पत्नी जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या. १७६५ साली इंग्रजांच्या मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला नाव दिलं ‘फोर्ट ऑगस्टस’. महाराजांच्या किल्ल्याला हे बारसं! पण पाण्यातला किल्ला राखायचा म्हणजे शिबंदी आली, दाणागोटा आला. तो खर्च इंग्रजांना परवडेना. व्यापाराला त्रास देणार नाही अशी हमी आणि सुमारे ३ लाख ८२ हजार रुपये, एवढ्यावर सौदा ठरला आणि १७६६ साली किल्ला पुन्हा कोल्हापूरकडं आला. नवं नाव फार काळ टिकलं नाही.

कुरबुरी चालूच राहिल्या. शेवटी १ ऑक्टोबर १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग इंग्रजांना द्यावे लागले. पेशव्यांपासून संरक्षण हवं होतं, त्याची ही किंमत. बेळगावकडच्या चिकोडी-मनोळीवरचा हक्कही त्याच तहात सुटला. तेव्हा गादीवर होते तेच दत्तक शिवाजीराजे. पुढच्याच वर्षी ते वारले. कोल्हापूर संस्थानाला मग समुद्र उरला नाही.